मागून घेतलेली खुर्ची

आप्पांचा डबा भरलेला परत आला, की त्या दिवशी काम मिळालं नाही हे आम्हाला न सांगता कळायचं.

आप्पा सोलापूरच्या एका सूतगिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे, एखादा कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. मुकादम बाहेर येणार, नावं पुकारणार. नाव आलं तर आत, नाही आलं तर घरी. घरी आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेली असायची. आप्पा दारात आले की ती त्यांच्या तोंडाकडे बघायची नाही, डब्याकडे बघायची. हातात घ्यायचीही गरज नसायची. भरलेला डबा माणूस वेगळा धरतो. मग तीच भाकरी आणि तीच शेंगाचटणी आम्हा तिघा भावंडांत वाटली जायची आणि आप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मधे एकदा काही बदली कामगारांना कायम करायचं ठरलं. बाकीचे लोक साहेबांच्या घरी जाऊन आले. आप्पा गेले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, "आपण मागत नसतो. मी उभा असतो ते त्यांना दिसतं ना?" त्यांना दिसलं नाही. पुढे गिरणीच बंद पडली आणि आप्पा शेवटपर्यंत बदलीच राहिले.

त्या घरातून मी बी.ए. झाले, इंग्रजी घेऊन. मग बी.एड. आमच्या नात्यात दोन्हीकडून पहिली. हे मी कुणी कौतुक करावं म्हणून सांगत नाही, करायचं ते मी माझं केलेलं आहे. सांगते एवढ्यासाठी, की हे माहीत नसेल तर रियाबाईंनी माझ्यासाठी काय केलं ते कळणार नाही. वरवर बघितलं तर त्यांनी काहीच केलं नाही.

लग्नानंतर प्रशांतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्समध्ये टिलबर्गला आलो. टिलबर्गच्या चहूबाजूंनी मोठमोठी गोदामं आहेत आणि त्या गोदामांचं सॉफ्टवेअर तो लिहितो. मी दोन वर्षं मुलगी सांभाळली, डच शिकले, कागदपत्रं मान्य करून घेतली आणि एका व्यवसाय-शिक्षणाच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले. शिकवायला म्हणजे बदली शिक्षिका म्हणून. इथे त्याला 'इन्फालर' म्हणतात. कुणी आजारी पडलं की सकाळी सातला फोन येतो. फोन आला तर डबा घेऊन सायकलवर बसायचं, नाही आला तर डबा घरीच खायचा. प्रशांतला यात काही विशेष वाटायचं नाही. त्याच्या वडिलांची बँकेत नोकरी होती.

पहिल्या दिवशी मला सांगितलं, रियाच्या वर्गात मागे बसून बघा, मग कळेल इथे कसं शिकवतात. रिया म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कुणीतरी पंचविशीची, मोकळ्या केसांची मुलगी आली. आपल्याकडे आत्ता आत्ता जन्मलेल्या मुलींची नावं ती. प्रत्यक्षात आल्या त्या साठी ओलांडलेल्या, सहा फुटांच्या बाई. मोहरीच्या रंगाचा रेनकोट, पायात पुरुषी बूट, आणि पांढरे केस स्वतःच स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलेले. तसं त्यांनी मला विचारल्याशिवायच सांगितलं. मी त्यांच्याशी डचमध्ये अदबीने, अहो-जाहो करून बोलले, तर म्हणाल्या, "मी अजून मेलेली नाही." तेव्हापासून बोलताना त्यांना 'तू' म्हणत आले. पण मराठीत लिहिताना माझा हात तसा वळत नाही. मला शाळेत शिकवणाऱ्या सगळ्या बाई होत्या, तशा या रियाबाई.

वर्ग गोदामात काम करायला निघालेल्या मुलांचा होता. फोर्कलिफ्ट चालवणारे, माल लावणारे, सतरा-अठराची पोरं. आत गेले तर एकही खुर्ची जागेवर नव्हती. सगळ्या एकावर एक रचून रियाबाईंच्या टेबलामागे भिंतीला लावलेल्या. त्या स्वतः मात्र हातांच्या खुर्चीवर आरामात बसलेल्या. मुलं आत आली, गोंधळली, उभी राहिली. बाईंनी इंग्रजीत शांतपणे सांगितलं, ज्याला खुर्ची पाहिजे त्याने माझ्याकडे मागावी.

एकजण म्हणाला, मला खुर्ची मिळेल का? बाई म्हणाल्या, "व्हाय?" तो म्हणाला, बसायला. त्या म्हणाल्या, जमिनीवरही बसता येतं. मुलं हसली. मग एका मुलीने सांगितलं, नवे बूट चावतायत. तिला मिळाली. एक पोलिश मुलगा म्हणाला, मी रात्रपाळी करून सरळ इथे आलोय. त्याला बाईंनी स्वतः उठून खुर्ची नेऊन दिली आणि सॉरी म्हटलं. हळूहळू एकेकाचं तोंड उघडत गेलं. कुणी खोटं सांगितलं, कुणी भलंमोठं सांगितलं, एकाने तर आपल्या आजीला मारून टाकलं. व्याकरणाच्या चुका ढिगाने होत होत्या. माझा हात शिवशिवत होता. बाईंनी एकही चूक दुरुस्त केली नाही. कारण पटलं की खुर्ची, नाही पटलं की पुन्हा "व्हाय?"

डान नावाचा एक धिप्पाड मुलगा खिडकीला टेकून हाताची घडी घालून उभा होता. तो काही बोलला नाही. बाईंनी त्याला विचारलंही नाही. तास संपेपर्यंत तो तसाच उभा. मला मनातून तो आवडला. म्हटलं, पोराला स्वाभिमान आहे.

घंटा झाली, मुलं गेली. रियाबाईंनी मान वर केली आणि वर्गाच्या मागे माझ्याकडे बघितलं.

"तूही?" त्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तासभर मीही उभीच होते. मला वाटत होतं, मी पाहुणी, मला कुणीतरी बस म्हणेल. आपल्याकडे शाळेत पाहुणं आलं तर शिपाई पळत जाऊन खुर्ची आणतो. इथे शिपाई नव्हता, आणि रियाबाईंना मी उभी आहे यात काही गैर दिसलं नव्हतं. त्यांना वाटलं, हिला उभं राहायला आवडतं.

दुसऱ्या दिवशी डान आला आणि सरळ टेबलापाशी गेला. म्हणाला, मला खुर्ची पाहिजे. व्हाय? तो जरा थांबला. "बिकॉज आय केम बॅक," तो म्हणाला. यायची काही जबरदस्ती नव्हती, तरी परत आलो, म्हणून. रियाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि त्याला स्वतःची हातांची खुर्ची दिली. आपण पूर्ण तास टेबलाच्या कडेवर बसल्या.

त्या टेबलावर मातीची एक जुनी सुरई असायची, कान असलेली. त्यात पेनं ठेवलेली. कुणी नवं माणूस आलं की बाई विचारायच्या, सांग, यात काय नेत असतील? मी म्हटलं पाणी. नाही. ताक. नाही. तेल. नाही. मग अतिशय समाधानाने सांगितलं, मूत. टिलबर्ग हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. पूर्वी लोकर धुवायला लघवी लागायची, आणि लोक घरची सुरईत साठवून गिरणीत नेऊन द्यायचे. आजूबाजूच्या गावांनी त्यावरून टिलबर्गच्या लोकांना नाव पाडलं, आणि टिलबर्गच्या लोकांनी ते अभिमानाने लावून घेतलं. "आमच्याकडे बघून नाक मुरडायचे आणि आमच्याच लोकरीचे कोट घालायचे," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, माझे वडीलही गिरणीत होते, सुताच्या. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "मग तू टिलबर्गचीच."

त्यांचं बोलणं सगळं असं. पोटात एक आणि ओठात एक, हा प्रकारच नाही. संक्रांतीला मी घरून शेंगापोळी आणि शेंगाचटणी करून नेली. सगळे सहकारी म्हणाले वा, छान, किती वेगळं. रियाबाईंनी पोळीचा घास खाल्ला आणि म्हणाल्या, "हे मला आवडलं नाही. घशात चिकटतं. पण ते लाल काय होतं, ते परत आण." मला आधी राग आला. नंतर कळलं, की त्या दिवशी चटणी आवडली हे खरं सांगणारं माणूस ते एकच होतं. पुढे त्या रोज दुपारी पत्र्याचा डबा उघडायच्या, चीज लावलेले दोन ब्रेड काढायच्या आणि त्यावर सोलापूरची शेंगाचटणी चमच्याने पसरायच्या. संपली की सांगायच्या, संपली. लाज नाही, आडपडदा नाही.

माझा एक तास बघून त्यांनी सांगितलं, "तू इंग्रजी असं बोलतेस, जसं चुकलं तर कुणीतरी मारणार आहे." मी म्हटलं, मारायचेच. त्या म्हणाल्या, "आता कोण मारतंय?" मग पाठोपाठ हेही सांगितलं, की या पोरांना टीव्ही बघून बडबडता येतं पण दोन ओळी सरळ लिहिता येत नाहीत, आणि ते शिकवणारी या इमारतीत तूच आहेस. हे सांगतानाही आवाजात कौतुक वगैरे नव्हतं. हवामान सांगावं तसं सांगितलं. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला फोन केला.

सायकल चालवताना रियाबाईंची एक सवय होती. वळायच्या आधी त्या हात सरळ बाहेर काढायच्या, खांद्यापासून बोटापर्यंत ताठ. इथे सगळेच काढतात, पण रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही त्या काढायच्या. मी एकदा म्हटलं, मागे कुणीच नाहीये. त्या म्हणाल्या, "मला कुठे जायचंय ते मलाही कळायला पाहिजे ना."

पुढच्या वर्षी एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि मला तिचे वर्ग मिळाले, तात्पुरते. चांगलं चाललं होतं. तेवढ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. मुलीला घेऊन मी सोलापूरला गेले ती जवळजवळ शाळेचं अर्धं वर्ष तिथेच राहिले. आईला उभं करायचं होतं, ते केलं. तिथल्या एका शाळेने मला नोकरी देऊ केली. आप्पा म्हणाले, राहा की. मी आठवडाभर विचार केला आणि परत आले. प्रशांत इथे होता, मुलीची शाळा इथे होती, हे तर झालंच. पण खरं कारण वेगळं होतं. तिथल्या शाळेत बाकांवर बसलेली, हाताची घडी घातलेली मुलं बघताना मला डान आठवत होता.

जानेवारीत परत आले, तर काहीच ओळखीचं वाटेना. सकाळी साडेआठपर्यंत अंधार. दुकानात दुधाची बाटली कुठे असते ते विसरले. सायकलवर हात बाहेर काढायचा विसरले आणि मागच्या आजोबांच्या शिव्या खाल्ल्या. मुलगी दोन दिवसांत डचमध्ये भांडायला लागली, मी मात्र तोंड उघडलं की आधी मराठी यायची. माझी मुदत संपली होती, वर्ग दुसऱ्याकडे गेले होते. पुन्हा इन्फालर. पुन्हा सातचा फोन. एके दिवशी फोन वाजला नाही. मी डबा भरून ओट्याशी उभी होते. प्रशांतने विचारलं, "आज नाही का आला?" त्याने सहज विचारलं होतं. मी डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

रियाबाई भेटल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "चटणी आणलीस?" आणि दुसरं, "आई चालते का?" मी म्हटलं, काठी घेऊन चालते, आणि चटणी दोन किलो आणलीय. दोन्ही उत्तरांनी त्या सारख्याच खूश झाल्या. मग मी सांगितलं, मला इथे पुन्हा जम बसवता येत नाहीये. तेव्हा मला कळलं, की तरुणपणी त्या स्वतः स्पेनमधल्या एका छोट्या गावात तीन-चार वर्षं इंग्रजी शिकवायला होत्या. प्रत्येक नाताळला घरी यायच्या आणि परत गेलं की स्पेन नकोसं व्हायचं. "परत आल्यावर सुरुवातीचे दिवस कुठल्याच देशाबद्दल मत बनवायचं नाही," त्या म्हणाल्या. "कांदे आणायचे, वर्ग घ्यायचा, झोपायचं." तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की वर्गात थंडी आहे, शेगडी द्या. महिनाभर त्यांच्याशी कुणी बोललं नाही. "माझं मागणं बरोबर होतं, मागायची पद्धत चुकली," असं म्हणून त्या हसल्या. मी कांदे आणले, मिळेल तो वर्ग घेतला, झोपले. फेब्रुवारी संपेपर्यंत दूध सापडायला लागलं.

रियाबाई त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. त्यांची जागा भरायची होती, आणि ती कायम जागा होती. कायम हा शब्द आमच्या घरात कसा उच्चारला जायचा ते कुणाला सांगून कळणार नाही. आमच्या विभागाचा प्रमुख बार्ट, माझ्याहून वयाने लहान, सरळ मुलगा. त्याने मला कॉफीला बोलावलं आणि विचारलं, पुढच्या वर्षी तुला काय हवंय?  मी म्हटलं, "शाळेला जे योग्य वाटेल ते. माझं काही म्हणणं नाही." त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. बाहेर आले तेव्हा मला वाटलं, छान बोलले. हावरटपणा केला नाही. आता त्याच्या लक्षात येईल.

आठवड्याने दुपारी मी सायकल काढायला स्टँडवर गेले तर रियाबाई रेनकोट घालून तिथे उभ्या.

"बार्ट म्हणतो, तुला बदलीच बरी वाटते."

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं, जणू नीट ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, आइंडहोवनच्या एका बाईने अर्ज केलाय, बार्ट तिला बोलावणार आहे. तू नाही म्हटलंस, म्हणून.

"मी नाही म्हटलं नाही, रिया. मी दोन वर्षं त्याच्यासमोर काम करतेय. त्याला दिसतं ना."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला आप्पांचा आवाज ऐकू आला. सोलापूरच्या आमच्या खोलीतून, भिंतीकडे तोंड करून बोलल्यासारखा. 

 रियाबाईंनी आपल्या सायकलच्या पिशवीतून तो पत्र्याचा डबा काढला आणि म्हणाल्या, हा माझ्या वडिलांचा. त्यांचे वडील लोकरीच्या गिरणीत विणकर होते. गिरणी हळूहळू बंद होत गेली आणि त्यांची नोकरी गेली, तेव्हा रियाबाई लहान होत्या. वडिलांनी घरी सांगितलंच नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, दिवसभर कालव्याच्या काठावर बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. ब्रेड तिथे बसून खायचे, आणि साठवलेले पैसे थोडेथोडे पगार म्हणून घरी द्यायचे. "डबा रिकामा यायचा," रियाबाई म्हणाल्या. "म्हणून आईला कळलं नाही. कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी जाऊन कुठेतरी काम मागून आली असती. तिला लाज नव्हती. शेवटी तेच केलं तिने, पण तोवर हिवाळा गेला होता."

मी म्हटलं, आमच्याकडे डबा भरलेला यायचा. त्यांनी मान हलवली. 

मग मी एक गोष्ट केली, जी आपल्याकडे कुणीही केली असती. म्हटलं, तू बार्टकडे माझ्यासाठी एक शब्द टाक ना. तू सांगितलंस तर तो ऐकेल.

"ऐकेल," त्या म्हणाल्या. "पण मग ती नोकरी तो मला देईल. मला नकोय. मी चाललेय." आणि सायकलवर बसल्या. वळताना हात बाहेर काढला.

मला फार लागलं. वाटलं, एवढी चटणी खाल्ली, एक शब्द टाकायला काय झालं होतं. रात्री प्रशांतला सांगितलं तर तो म्हणाला, तुझी बाई जरा विचित्रच आहे. सकाळी मी सातच्या फोनची वाट बघितली नाही. साडी नाही, जीन्सच, पण कुंकू जरा ठळक लावलं आणि बार्टच्या दारात जाऊन उभी राहिले. आत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी म्हटलं, मला बसायचंय, आणि बसले.

"मला रियाची जागा हवी आहे."

बार्टने पेन खाली ठेवलं. "का?"

रस्ताभर मी पदव्या पाठ करत आले होते. बी.ए., बी.एड., अनुभव. त्यातलं काहीच आलं नाही.

"कारण मी परत आले," मी म्हटलं. "तिकडे मला नोकरी मिळत होती. आई आहे, घर आहे, भाषा आहे. तरी परत आले. ही मुलं मला शिकवायची आहेत, आणि ती मी चांगली शिकवते. तुझी आइंडहोवनची बाई चांगली असेल. तिला आणि मला एकाच वर्गासमोर उभं कर."

बार्ट माझ्याकडे बघत राहिला. रागावला की काय, असं वाटलं. मग म्हणाला, "हे तू मागच्या वेळी का सांगितलं नाहीस? मी दोनदा विचारलं होतं." आणि खरंच, त्याने दोनदा विचारलं होतं. आमच्या मुकादमाने आप्पांना एकदाही विचारलं नव्हतं.

आइंडहोवनच्या बाईने आणि मी एकेक तास घेतला. बाकीच्यांनी मागे बसून बघितला. रियाबाई मुद्दाम आल्या नाहीत. निकाल मला एका शुक्रवारी दुपारी सांगितला. मी स्टाफरूममध्ये गेले तर त्या ब्रेडवर चटणी पसरत होत्या. मी सांगितलं. त्यांनी घास चावून संपवला आणि म्हणाल्या, "बरं." मग थोड्या वेळाने, "आप्पांना फोन कर." त्या त्यांना आप्पाच म्हणायच्या, मी म्हणते तसं, फक्त 'प्प' जरा जोरात.

आप्पांना फोन केला. आईने लाऊडस्पीकर लावला होता. मी म्हटलं, "आप्पा, मी कायम झाले."  त्यांनी विचारलं, "म्हणजे आता फोनची वाट बघायला नको?" मी म्हटलं, नको. "बरं झालं," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला. आई रडत होती की हसत होती, आजारानंतर तिच्या बोलण्यावरून ते कळत नाही.

रियाबाईंच्या निरोपाच्या दिवशी केक झाला, भाषणं झाली, त्यांनी बार्टच्या भाषणातल्या दोन चुका तिथल्या तिथे सांगितल्या. सगळे पांगल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "रिया, ही सुरई मला पाहिजे."

"व्हाय?"

"मी गिरणीवाल्याची मुलगी आहे. तूच म्हणालीस, मी टिलबर्गची."

त्यांनी विचार केला. खरोखर केला, डोळे बारीक करून. "कारण चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण नाही. ती माझ्या आईची आहे." आणि पेनं माझ्या हातात देऊन सुरई वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या. मी पेनं घेऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी केवळ हवं म्हणून काहीतरी मागितलं होतं आणि मला तोंडावर 'नाही' ऐकायला मिळालं होतं. मला काहीही झालं नाही. दोघी मिळून हसलो, आणि मी त्यांना सुतळी बांधायला मदत केली.

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्या दिवशी मी लवकर जाऊन सगळ्या खुर्च्या माझ्या टेबलामागे भिंतीला रचल्या. नवी पोरं आत आली, गोंधळली, उभी राहिली. निम्म्यांना खुर्च्या मिळाल्या असतील, तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात मोहरीच्या रंगाचा रेनकोट. बाहेर खिडकीखाली सायकल लावलेली, तिच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, मागे तंबू. त्या स्पेनला निघाल्या होत्या, सायकलवर, त्या जुन्या गावाला.

"मला एक खुर्ची मिळेल का?" रियाबाईंनी सगळ्या वर्गासमोर इंग्रजीत विचारलं.

पोरं माझ्याकडे बघायला लागली. एवढी म्हातारी बाई दारात उभी. माझे पाय आपोआप खुर्ची आणायला निघाले होते. ते मी थांबवले.

"व्हाय?"

"कारण मला लांब जायचंय," त्या म्हणाल्या, "आणि त्याआधी जरा बसायचंय."

मी त्यांना माझी हातांची खुर्ची दिली. त्या बसल्या, शेवटच्या मुलाला खुर्ची मिळेपर्यंत बसल्या. मधे एकाने कारण म्हणून आजीला मारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठल्या. जाताना म्हणाल्या, "चटणी आहे?" माझ्या कपाटात पुडी तयार होती. ती त्यांनी पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि गेल्या. मिठी नाही, पाणावलेले डोळे नाहीत. मी वाकून नमस्कार केला असता तर त्यांनी विचारलं असतं, काही पडलं का?

खिडकीतून बघितलं. फाटकापर्यंत सायकल हातात धरून चालत गेल्या, मग बसल्या. पुढे रस्ता कालव्याकडे डावीकडे वळतो. पहिला तास चालू होता, रस्ता अगदी मोकळा होता, मागे-पुढे कुणी नव्हतं. रियाबाईंनी डावा हात बाहेर काढला, खांद्यापासून बोटापर्यंत ताठ, आणि वळल्या.

मी त्या कॉलेजात कायम शिक्षिका आहे. माझा डबा मी रोज तिथेच खाते.